पॉवरट्रेनची हमी: मोटारीतल्या एका सीमारेषेचा इतिहास

१/ नव्या मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत ‘पॉवरट्रेन वॉरंटी’ हा शब्दप्रयोग अनेकदा आढळतो. इंजिनात निर्माण झालेली शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांची हमी, हा त्याचा सरळ अर्थ. परंतु एकाच गाडीची ‘हमीतले’ आणि ‘हमीबाहेरचे’ अशी फाळणी कोणी केली, आणि का? त्यासाठी अमेरिकेत जावे लागते. आजचा धागा त्याविषयी.

२/ मे १९५५. न्यू जर्सीतील क्लॉस हेनिंगसेन यांनी मातृदिनाची भेट म्हणून पत्नी हेलन यांच्यासाठी नवी प्लिमथ मोटार घेतली. ९ मे रोजी गाडी ताब्यात आली. १९ मे रोजी हेलन ती चालवत असताना पुढच्या भागातून काहीतरी तुटल्यासारखा मोठा आवाज झाला, स्टिअरिंग हातातल्या हातात गरकन फिरले आणि गाडी विटांच्या भिंतीवर आदळली. मीटरवर ४६८ मैल होते. गाडीचा पुढचा भाग इतका चेपला होता की नेमके काय सदोष होते हे सांगणेच अशक्य झाले.

३/ कराराच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत हमी छापलेली होती: ९० दिवस वा ४,००० मैल, जे आधी पूर्ण होईल ते. सदोष भाग ग्राहकाने स्वखर्चाने कारखान्यात धाडायचा. दोष आहे की नाही हे कंपनीच ठरवणार. शिवाय याखेरीज अन्य कोणतीही हमी, व्यक्त वा गर्भित, दिलेली नाही. हा मसुदा मोटार उत्पादकांच्या संघटनेचा होता आणि अमेरिकेतील बहुतांश मोटारी तिचे सदस्यच बनवत. म्हणजे दुसऱ्या दुकानात जाऊनही हाच कागद हाती पडणार! हमी देण्यापेक्षा ती काढून घेणे हेच या कागदाचे खरे काम होते, असे मला वाटते.

४/ ९ मे १९६० रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने जबाबदारी झटकणारे ते कलम अवैध ठरवले. वाहन सर्वसाधारण वापरास योग्य असेल ही गर्भित हमी विक्रीबरोबरच येते आणि करारावर सही न केलेल्या हेलन यांनाही तिचा लाभ मिळतो, असा हा निकाल. ग्राहक कायद्याच्या इतिहासातील तो एक मैलाचा दगड आहे.

५/ प्लिमथ ही क्रायस्लर कंपनीची गाडी. याच क्रायस्लरने १९६३ च्या मॉडेलांवर ५ वर्षे वा ५०,००० मैलांची पॉवरट्रेन हमी जाहीर केली. (तोवर सर्वसाधारण हमी १२ महिने वा १२,००० मैलांवर आली होती.) याचे श्रेय थेट निकालाला देणे घाईचे ठरेल; घसरलेला खप आणि गुणवत्तेविषयीची बदनामी ही अधिक जवळची कारणे दिसतात.

६/ त्या हमीतील यादी वाचण्याजोगी आहे. इंजिनाचा ब्लॉक, हेड व अंतर्गत भाग, पाण्याचा पंप, इनटेक मॅनिफोल्ड, गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर, ड्राइव्हशाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट, मागचा अ‍ॅक्सल, डिफरन्शियल आणि मागच्या चाकांची बेअरिंगे. क्लच वगळलेला, कारण तो झिजण्यासाठीच असतो. ब्रेक नाहीत. आणि स्टिअरिंगही नाही! हेलन यांच्या हातातून जे निसटले, त्याला या गाजलेल्या हमीत स्थान नव्हते.

मग हेच भाग का? यांतले बहुतेक भाग बंद आवरणात, तेलात चालतात. तेल वेळेवर बदलले तर ते पहिल्या काही वर्षांत क्वचितच दगा देतात. मात्र दिला तर खर्च मोठा. ग्राहकाची भीती जिथे सर्वाधिक आणि कंपनीचा धोका तुलनेने कमी, नेमकी तिथे ही रेघ ओढली गेली.

७/ अटी कडक होत्या. दर ३ महिन्यांनी वा ४,००० मैलांनी इंजिन ऑइल बदलायचे आणि दर ६ महिन्यांनी विक्रेत्याला पुरावा दाखवून नोंद करून घ्यायची. पावत्यांचे दप्तर नीट नसेल तर हमी गेली. (इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अट आवडते, गाडीमालकाला आवडली नसावी.)

८/ १९६७ पर्यंत प्रतिस्पर्धीही ५ वर्षांवर आले. मग खर्च झेपेना म्हणून काही वर्षांतच सर्वांनी माघार घेतली. तक्रारी मात्र वाढतच राहिल्या. ४ जानेवारी १९७५ रोजी मॅग्नुसन-मॉस कायदा झाला. हमी ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’ हे ठळकपणे सांगणे बंधनकारक झाले, लेखी हमी देऊन गर्भित हमी नाकारण्यास बंदी आली आणि ‘आमचाच सुटा भाग विकत घ्या, नाहीतर हमी रद्द’ ही अट सामान्यतः बेकायदा ठरली.

९/ पुढे पॉवरट्रेनची हमी हे संकटातल्या कंपन्यांचे हत्यारच बनले. ऐंशीच्या दशकात ली आयकोका यांच्या क्रायस्लरने ते पुन्हा उपसले. १९९८ मध्ये अमेरिकेत कमकुवत ठरलेल्या ह्युंदाईने १० वर्षे वा १,००,००० मैल देऊ केले. तेही पहिल्या मालकापुरतेच. जुनी गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला त्याहून कमी.

१०/ २००७ मध्ये क्रायस्लरने तर ‘आजीवन’ पॉवरट्रेन हमी काढली. पहिल्या मालकासाठी, आणि दर ५ वर्षांनी तपासणी करून घेण्याच्या अटीवर. दोनच वर्षांत कंपनीचेच आयुष्य धोक्यात आले. ३० मार्च २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांना जाहीर करावे लागले की जनरल मोटर्स आणि क्रायस्लरच्या नव्या गाड्यांच्या हमीमागे आता अमेरिकी सरकार उभे राहील. बरोबर एका महिन्याने क्रायस्लरने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला.