स्पीडफॅक्टरी

स्पीडफॅक्टरी : आशियात गेलेली बूटनिर्मिती स्वदेशात आणि ग्राहकाच्या जवळ परत आणण्यासाठी आदिदास या जर्मन कंपनीने उभारलेल्या दोन स्वयंचलित कारखान्यांचे नाव. पहिला कारखाना बव्हेरियातील आन्सबाख येथे, तर दुसरा अमेरिकेत अटलांटाजवळ होता.

आदिदासची स्थापना १९४९ मध्ये हेर्त्सोगेनआउराख या बव्हेरियातील गावी झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस, स्वस्त मजुरीमुळे, कंपनीचे जवळजवळ सारे उत्पादन आशियातील कंत्राटदारांकडे गेले. जर्मनीत शाइनफेल्डचा छोटा कारखाना तेवढा उरला. स्वस्ताईची किंमत वेळात मोजावी लागे. नवा बूट आखल्यापासून दुकानात येईपर्यंत साधारण दीड वर्ष जाई आणि तोवर गिऱ्हाइकाची आवड बदललेली असे.

यावर उपाय म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये स्पीडफॅक्टरीची घोषणा झाली. आन्सबाखचा कारखाना ओक्सलर ही प्लास्टिक-उद्योगातील जर्मन कंपनी चालवत असे. तेथे बुटाचा वरचा भाग संगणकाच्या आज्ञेने विणला जाई. त्यावरील पट्ट्या यंत्रे कापत आणि उष्णतेने चिकटवत. तळासाठी प्लास्टिकचे फुगवलेले दाणे साच्यात भरून वाफेने एकजीव करत. २०१६ मध्ये पहिले ५०० जोड बाहेर पडले. २०१७ पासून लंडन, पॅरिस अशा एकेका शहरातील धावपटूंसाठी बूट निघू लागले. लंडनचा बूट अंधारात व पावसात कामावर धावत जाणाऱ्यांचा विचार करून आखला होता. कल्पना खरोखरच मोलाची होती : माणूस जिथे धावतो, तिथेच त्याचा बूट घडावा.

प्रत्येक कारखान्याचे उद्दिष्ट वर्षाला ५ लाख जोडांचे आणि मनुष्यबळ सुमारे १६० जणांचे होते. आदिदास मात्र २०१८ मध्ये वर्षाला ४० कोटींहून अधिक जोड तयार करवून घेत होती. म्हणजे दोन्ही कारखाने पूर्ण क्षमतेने चालले असते, तरी त्यांचा वाटा पाव टक्क्याच्या आसपासच राहिला असता. त्याहून मोठी अडचण यंत्रांच्या घडणीतच होती. विणलेला वरचा भाग आणि दाण्यांचा तळ या एकाच रचनेभोवती ती बेतलेली होती. कातडी बूट किंवा रबरी तळ जोडण्याची रीत वेगळी, आणि ती त्यांना साधत नव्हती. आशियातील कारागीर एक नमुना संपवून दुसरा हाती घेतो. येथे नमुना बदलायचा तर यंत्रांची मांडणीच बदलावी लागे.

११ नोव्हेंबर २०१९ रोजी कंपनीने दोन्ही कारखाने एप्रिल २०२० पर्यंत बंद करण्याचे जाहीर केले. तेथे विकसित झालेले तंत्र आशियातील दोन पुरवठादारांकडे गेले. तसे करणे अधिक किफायतशीर आणि लवचीक ठरेल, असे कारण कंपनीने दिले. ओक्सलरशी तळांच्या उत्पादनाचे सहकार्य मात्र चालू राहिले.

यंत्रमानव आणला की उद्योग परत येतो, हा समज या प्रयोगाने खोटा ठरवला. बूट म्हणजे कापड, फेस, गोंद, नाडी, साचे आणि सफाईदार हात यांची एकत्र गुंफण. हे सारे पुरवणारे कारखाने शेजारी नसतील, तर एकटा कारखाना टिकत नाही. म्हणून परदेशी गेलेला उद्योग परत आणण्यापेक्षा असलेला राखणे सोपे. अमेरिकेतील न्यू बॅलन्स कंपनीने मेन आणि मॅसॅच्युसेट्स राज्यांतील आपले कारखाने बंद होऊ दिले नाहीत. तिचेही बहुतांश बूट परदेशातच तयार होतात. स्वदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या बुटांतही देशांतर्गत मूल्य किमान ७० टक्के असल्याचे ती सांगते. काही भाग तिलाही आयातच करावे लागतात.