ठसा आपला, नाव आपलं : पुण्याचा कागद आणि आपलं भेटकार्ड

बचत गटातल्या सगळ्या ताया, मावश्या, काकू आणि स्वयंपाक आवरता आवरता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्याजणी, आज मी बोलणार आहे भेटकार्डाबद्दल. हाताने केलेलं, ठसा उमटवलेलं, बोट फिरवलं की नक्षी हाताला लागते असं भेटकार्ड. दिवाळी-संक्रांतीच्या आधी बरेच गट अशी कार्डं करायला घेतात. पण प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पापड-लोणचं आपलं. हे कार्ड-बिर्ड शहरातल्या लोकांचं. आपला काय संबंध?"

संबंध आहे, आणि जुना आहे. कागद करणं, त्यावर ठसा दाबणं, नक्षी उठवणं ही कामं पुण्याने आणि पुणे जिल्ह्याने पिढ्यान्‌ पिढ्या केली आहेत. आज तीच हकिगत सांगते.

सुरुवात आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एका शब्दापासून करू. बैठकीत ठराव पास झाला की आपण म्हणतो, "शिक्कामोर्तब झालं." हे दोन वेगवेगळे ठसे आहेत. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वरच्या बाजूला त्यांची अष्टकोनी राजमुद्रा असायची. तो शिक्का. आणि मजकूर संपला की खाली एक छोटी मुद्रा उमटवायची. तिचा अर्थ असा की लिहिणं इथे संपलं, ही मर्यादा. ते मोर्तब. मोर्तबाच्या खाली कुणी एक ओळ जरी घुसडली, तरी ती खोटी ठरायची. म्हणजे ठसा शोभेसाठी नव्हता. हे माझं आहे, एवढंच आहे, आणि याला मी जबाबदार आहे, असं तो सांगायचा.

असा शिक्का बायकांकडेही होता. संभाजी महाराजांनी येसूबाईंच्या नावाची स्वतंत्र मुद्रा करून दिली होती. पण ती राणीची गोष्ट. गावातल्या साध्या माणसाचं काय? ज्याला लिहिता येत नाही तो कागदावर निशाणी करायचा. पाटलाची निशाणी नांगर, हे तुम्ही ऐकलं असेल. बाई असेल तर कांकण, म्हणजे बांगडी. पुढे इंग्रजी अमलात शाईचा अंगठा आला. "अंगठा उठवला" हे आपण म्हणतो ते तेव्हापासूनचं. आणि त्या अंगठ्याने किती बायकांच्या जमिनी गेल्या, हे मी सांगायला नको. काय लिहिलंय ते न वाचता उठवलेला अंगठा हाही ठसाच, पण तो दुसऱ्याच्या कामाचा. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

आता कागदाकडे वळू. पुण्यात कसबा पेठेत नदीच्या बाजूला कागदीपुरा आहे. कागद करणाऱ्या कागदी लोकांची ही वस्ती. त्या काळी जुन्नरचा कागद नावाजलेला होता, दौलताबादचाही होता. दौलताबादजवळ खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा नावाचं गाव आजही हातकागदासाठी ओळखलं जातं. हा कागद झाड तोडून होत नसे. जुने दोरखंड, गोणपाट, चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, धुवायच्या. तो लगदा हौदात पाण्यात कालवायचा, चाळणीसारख्या साच्यावर उचलायचा, दाबून पाणी काढायचं, वाळवायचं. मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचं. घोटल्याशिवाय बोरू चालत नसे, शाई पसरायची. पेशवाईचे हिशेब, वतनाचे कागद, सावकाराच्या वह्या सगळं अशा हातकागदावर आहे, आणि दोन-अडीचशे वर्षांनी आजही वाचता येतं.

गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. पुढे १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ यांच्याबरोबर हातकागदाचं कामही हाती घेतलं गेलं. त्यातूनच पुण्यात शिवाजीनगरला १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली. के. बी. जोशी यांनी ती उभारली. संस्थेजवळच्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. शिंप्याकडच्या, बनियनच्या कारखान्यातल्या सुती चिंध्या आणायच्या आणि त्यांचा कागद करायचा, हे तिथलं काम. आपल्या संविधानाची हिंदीतली हाताने लिहिलेली मूळ प्रत पुण्यात झालेल्या हातकागदावर आहे. चिंध्यांपासून झालेल्या कागदाला देशाने हा मान दिला.

आता कोणी विचारेल, कार्डाला हातकागदच का? कारण सुताचा धागा लांब असतो. गिरणीच्या कागदात लाकडाचे आखूड तंतू असतात. त्यावर जोर देऊन नक्षी उठवली की कागद कडेला चिरतो. सुती कागद मात्र ताणला जातो, फाटत नाही, आणि उठलेली नक्षी तशीच धरून ठेवतो. पातळ गव्हाची पोळी दुमडली की तुटते आणि पुरणपोळी मऊ पडते, तसं काहीसं. हात लावून बघा, कळेल.

नक्षी उठवायची विद्या कागदाच्या आधी तांब्यात होती. कागदीपुऱ्यापासून लांब नाही, कसब्यातच तांबट आळी आहे. बंब, हंडा, घागर यांवर हातोडीने एकसारखे ठोके पाडतात त्याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी भांडं देखणं होतं आणि पत्रा घट्टही होतो.

याच तांबटांपैकी एकाचं नाव इतिहासात राहिलं आहे, गंगाराम तांबट. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात पुण्यात इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या आणि जेम्स वेल्स या चित्रकाराच्या पुढाकाराने इथे चित्रकलेची शाळा निघाली. गंगाराम तिथे तयार झाला. त्याने काढलेली वेरूळच्या लेण्यांची चित्रं प्रसिद्ध आहेत. त्याच सुमाराला नाना फडणवीसांच्या मनात आलं की भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापावी. एका तांबट कारागिराकडून काम सुरू झालं. १८०० मध्ये नाना गेले आणि ते थांबलं. पुढे मिरजेच्या पटवर्धनांनी कारागिराला आश्रय दिला, आणि १८०५ मध्ये मिरजेत गीता छापून झाली. पत्र्यावर प्रत्येक अक्षर उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं येतं. आज ठसा कोरताना आपल्या मुली नाव सुलटं कोरतात आणि छापल्यावर हसतात. त्यांना सांगा, आधी पातळ कागदावर पेन्सिलीने लिहा, कागद उलटा करून रबरावर घासा, मग कोरा. आरसा धरून एकदा तपासा.

कागदावर उठावाची नक्षी सरकारी कामात आली तिचीही एक गोष्ट आहे, आणि तिचा धागा पुण्याला लागतो. बार्टल फ्रिअर नावाचा इंग्रज अधिकारी. त्याची नोकरी सुरू झाली ती पुण्यात, असिस्टंट कलेक्टर म्हणून. पुढे तो सिंध प्रांताचा कमिशनर झाला. १ जुलै १८५२ ला त्याने तिथे पोस्टाचं तिकीट काढलं. किंमत अर्धा आणा. आशियातलं हे पहिलं पोस्टाचं तिकीट, 'सिंध डाक'. ते शाईने छापलेलं नव्हतं, दाबून उठवलेलं होतं. आधी लाखेसारख्या लाल, ठिसूळ चकतीवर केलं, ते तडकायचं. मग पांढऱ्या कागदावर पांढराच उठाव केला, तो कमी उजेडात दिसेना. मग निळं केलं. १८५४ मध्ये सगळ्या देशासाठी छापील तिकिटं आली आणि हे बंद झालं. हाच फ्रिअर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि गणेशखिंडीत राहण्यासाठी त्याने मोठा वाडा बांधायला घेतला. आज तिथे पुणे विद्यापीठ आहे, आणि त्याला नाव आहे सावित्रीबाई फुल्यांचं.

या तिकिटाची अडचण आपल्यालाही येते. पांढऱ्या कागदावर पांढरा उठाव फार सुंदर, पण बाजारात ट्यूबलाइटखाली दिसत नाही. म्हणून स्टॉलवर कार्ड आडवं ठेवू नका, थोडं तिरपं उभं करा. बाजूने उजेड पडला की नक्षी उठते.

भेटकार्डाचा रिवाज मात्र विलायतेतला. १८४० मध्ये तिथे एका पेनीत देशभर पत्र जायला लागलं. १८४३ मध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थाने नाताळसाठी चित्राचं कार्ड काढलं, हजारभर छापली आणि हाताने रंगवून घेतली. किंमत एक शिलिंग, म्हणजे गरिबाच्या आवाक्याबाहेर. आपल्याकडे १८७९ मध्ये एका पैशाचं पोस्टकार्ड आलं आणि साध्या माणसाची खुशाली गावोगाव जाऊ लागली. तिळगूळ पाकिटात घालून पाठवायची, सोबत रंगीत कार्ड, ही पद्धत आपल्यातल्या अनेकींनी लहानपणी पाहिली आहे. मोबाइल आला आणि ते मागे पडलं. फुकट निरोप दिवसाला पन्नास येतात, म्हणूनच हाताने केलेलं एखादं कार्ड लोक जपून ठेवतात. आपलं गिऱ्हाईक तेच आहे.

आता एक गोष्ट पुणे जिल्ह्यातल्या बायकांची. दौंडजवळ केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभं केलं. विधवा, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली, टाकून दिलेल्या बायका तिथे आल्या. रमाबाईंनी तिथे छापखाना काढला आणि तो बायका चालवत. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी सगळं त्याच करत. रमाबाईंनी केलेलं बायबलाचं मराठी भाषांतर त्यांनीच छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. ज्या बायकांना लोकांनी अक्षर शिकू दिलं नाही, त्यांच्याच हातून पानंच्या पानं उमटली.

आपल्या कामाला फार भांडवल लागत नाही. ठशासाठी जुन्या रबरी चपलेचा तळ कापून लाकडी ठोकळ्यावर चिकटवा. आडव्या कापलेल्या भेंडीचं फूल उमटतं, बटाट्यावर पणती कोरता येते. सुका उठाव करायचा तर जुन्या एक्स-रेच्या फिल्ममध्ये नक्षी कापा, ती कागदाखाली ठेवा आणि संपलेल्या रिफिलच्या टोकाने कडेकडेने दाबत जा. चमकता उठाव हवा असेल तर सावकाश सुकणाऱ्या शाईचा ठसा मारा, ओला असतानाच त्यावर एम्बॉसिंगची पावडर भुरभुरा, जास्तीची झटकून परत डबीत घ्या. मग कार्ड उताणं, गरम इस्त्रीच्या वर थोडं उंच धरा. पावडर वितळून चकाकते. कागदाला इस्त्री टेकवायची नाही, चिमट्याने धरायचं आणि मुलांना लांब ठेवायचं.

हिशेबही नीट करा. हातकागदाचा २२ बाय ३० इंचांचा ताव घेतला, तर ७ बाय १० इंचांची ९ कार्डं निघतात, घडी घातल्यावर ७ बाय ५ ची. तावाची किंमत ९ ने भागा, त्यात शाई-पावडर, पाकीट आणि तुमच्या हाताची मजुरी धरा. मजुरी सोडून भाव सांगू नका. "रिकाम्या वेळात केलं" असं तर अजिबात म्हणू नका. बाईचा वेळ रिकामा नसतो.

आता शेवटचं. किती तरी गटांची कार्डं मी शहरातल्या दुकानांत पाहिली आहेत. पुढे सुंदर नक्षी, मागे दुकानाचं नाव. करणाऱ्या बाईचं नाव नाही, गावाचं नाही. व्यापारी घाऊक माल घेतो, कोरा घेतो, आणि आपणही कोरा देतो. मैत्रिणींनो, हे न वाचता उठवलेल्या अंगठ्यासारखंच झालं. काम आपलं, निशाणी दुसऱ्याची.

म्हणून पुढच्या बैठकीत एक ठराव करा. गटाचा एक छोटा ठसा तयार करायचा. गटाचं नाव, गावाचं नाव, हवं तर एक बांगडी, आपल्या आज्या-पणज्यांची निशाणी म्हणून. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कार्डाच्या मागे तो उमटलाच पाहिजे. व्यापारी म्हणाला, ठसा नको, तर भाव वाढवून मागा. नुसता माल वेगळा आणि नाव असलेला माल वेगळा. आणि ठराव लिहून झाला की खाली प्रत्येकीने वाचून सही करा. शिक्कामोर्तब त्याला म्हणतात.