आद्य ताऱ्यांचा माग आणि मौजे खोडद

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावाच्या जवळ, मौजे खोडदच्या शिवारात रेडिओदुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या ज्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत, त्यांची मूळ कल्पना आकाशगंगाही आकारास आल्या नव्हत्या अशा काळातील हायड्रोजन वायूचा शोध घ्यावा या हेतूतून निघाली, ही गोष्ट महाराष्ट्राच्या विज्ञानेतिहासात अधिक ठळकपणे नोंदली जावयास हवी.

रेडिओखगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी 1965 साली कल्याण येथे ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या 32 लहान तबकड्या मांडून सूर्याचा वेध घेण्यास आरंभ केला, 1970 मध्ये उटीच्या डोंगरउतारावर दंडगोलाकार दुर्बीण उभारली, आणि 1984 च्या सुमारास या तिसऱ्या, सर्वांत मोठ्या कामाची तजवीज मांडली, जिला 1987 मध्ये सरकारी मंजुरी मिळाली. खोडद मुक्रर झाले ते डोंगरांच्या आडोशामुळे, कृत्रिम रेडिओलहरींच्या कमी उपद्रवामुळे आणि पुण्याचे कारखाने हाताशी असल्यामुळे. एकूण तीस तबकड्या. पैकी चौदा मध्यभागी आणि सोळा तीन बाहूंवर, सुमारे 25 किलोमीटरांच्या टापूत पसरलेल्या. तबकडी जवळून पाहिली म्हणजे ध्यानात येते की तिचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून पोलादी दोरांवर ताणलेल्या बारीक तारेच्या जाळीचा आहे. वारा जाळीतून निघून जातो, सांगाड्यावर भार कमी पडतो, आणि म्हणूनच एवढे अवाढव्य काम आपल्या खजिन्याला झेपले.

तटस्थ हायड्रोजनचा अणू 21 सेंटीमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो; परंतु विश्व प्रसरण पावत असल्यामुळे, अतिप्राचीन काळी निघालेली ती लहर आपल्यापर्यंत पोहोचेतो ताणली जाऊन मीटराच्या, क्वचित दोन मीटरांच्या घरात जाते. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांच्या तत्कालीन मताप्रमाणे आरंभी अब्जावधी सूर्यांहूनही कितीतरी अधिक वस्तुमानाचे वायुमेघ कोसळले आणि मागाहून त्यांची शकले होऊन आकाशगंगा झाल्या; ते महामेघ टिपावेत हा स्वरूप यांचा मानस होता. पुढे सिद्धांतच पालटला. लहानातून मोठे घडत गेले, हे आता बहुतेक सर्वांस मान्य आहे.

विश्वारंभानंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी अणू तटस्थ झाले आणि नवा प्रकाश देणारे काहीच नसलेले तमोयुग सुरू झाले. त्या अंधारात कृष्णद्रव्याचे लहान पुंज, काही लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे, आपल्या आकर्षणाने वायू गोळा करीत होते. पण नुसता गोळा झालेला वायू तारा होत नाही, त्याला आपली उष्णता टाकावी लागते, आणि ती टाकण्यास कार्बन नव्हता, प्राणवायू नव्हता, धूळही नव्हती. ते काम हायड्रोजनच्या रेणूंनी, मोठ्या मंद गतीने, केले. वायू फार तर 200 केल्विनपर्यंतच निवाला. त्यामुळे कोसळणारे गठ्ठे मोठे राहिले आणि, गणिते सांगतात त्याप्रमाणे, विश्व 10 ते 20 कोटी वर्षांचे असताना सूर्याच्या दसपट ते शेकडोपट वजनाचे आद्य तारे पेटले. थोड्याच दशलक्ष वर्षांत ते संपले. मात्र त्यांच्यातील अनेकांच्या स्फोटांनी पहिली जड मूलद्रव्ये अवकाशात विखुरली, आणि त्यांच्या व त्यांच्या वंशजांच्या तीव्र किरणांनी भोवतालच्या हायड्रोजनचे पुन्हा आयनीकरण होऊ लागले.

हे आयनीकरण चालू असतानाचा, म्हणजे विश्व सुमारे 58 कोटी वर्षांचे होते तेव्हाचा, हायड्रोजन खोडदहून 150 मेगाहर्ट्झच्या आसपास शोधण्याचा उद्योग कॅनडातील यू-ली पेन आणि त्यांच्या भारतीय व परदेशी सहकाऱ्यांनी केला. आपल्याच आकाशगंगेचा रेडिओकोलाहल त्या संकेताहून हजारोपट प्रबळ. त्यात वीजवाहक तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांची भर. अशा उपद्रवांची उगमस्थाने त्यांना शिवारातून हुडकावी लागली. 2011 मध्ये संकेताची एक वरची मर्यादा प्रसिद्ध झाली. परंतु कोलाहल गाळताना मूळ संकेतही काही अंशी गळून जातो हे ध्यानी आल्यावर, 2013 मध्ये तो तोटा हिशेबात धरून त्याच संशोधकांनी ती मर्यादा स्वतःहून बरीच सैल केली.