उजनीचे उणे पाणी : होडीच्या तळाखालचा इतिहास

१/ उन्हाळा चढू लागला की सोलापूर-पुण्याकडच्या वर्तमानपत्रांत एक विलक्षण आकडा छापून येतो : ‘उजनी उणे ३० टक्के’, पुढे ‘उणे ४०’, ‘उणे ५०’. शून्याच्याही खाली गेलेल्या धरणात पाणी उरते कसे? त्या पाण्यावर होड्या चालतात कशा? आणि त्या होड्यांच्या तळाखाली नेमके काय पडलेले असते? या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने भीमाकाठच्या सुमारे ९०० वर्षांच्या इतिहासाचा हा धागा.

२/ आधी हिशेब. उजनी धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातील ५३.५७ टीएमसी हा ‘उपयुक्त साठा’ आणि ६३.६६ टीएमसी हा ‘मृत साठा’. टक्केवारी मोजली जाते ती केवळ उपयुक्त साठ्याची. तो संपला की शून्य. त्यानंतर मृत साठ्यातून जितके पाणी कमी होईल, तितके उणे. म्हणून ‘उणे ६० टक्के’ याचा अर्थ उपयुक्त साठ्याच्या ६० टक्क्यांइतके, म्हणजे सुमारे ३२ टीएमसी पाणी मृत साठ्यातून गेले, आणि धरणात साधारण ३१.५ टीएमसी उरले. महाराष्ट्रातील कित्येक धरणे काठोकाठ भरली तरी त्यांत एवढे पाणी मावत नाही.

३/ उपयुक्त साठ्याहून मृत साठा मोठा, हे उजनीचे वेगळेपण. कारण भूगोलात आहे. भीमेचे हे खोरे उथळ आणि पसरट. उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर, तर मृत साठ्याची पातळी ४९१.०३ मीटर. म्हणजे सारा उपयुक्त साठा जेमतेम पावणेसहा मीटर उंचीच्या थरात सामावलेला आहे. अशा जलाशयात पातळी एक मीटरने उतरली तरी काठ पार दूर सरकतो. शेकडो एकर जमीन उघडी पडते आणि तिच्यासोबत जुनी गावेही.

४/ त्या गावांत सर्वांत ख्यातनाम म्हणजे पळसदेव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. प्राचीन मराठी कोरीव लेखांत पळसदेवच्या शके १०७९ च्या, म्हणजे इसवी सन ११५७ च्या लेखाची गणना होते. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची मानली जाते. म्हणजे ज्ञानदेवांच्या १३३ वर्षे आधी भीमेच्या या काठावर मराठी दगडावर उमटत होती. गाव पाण्याखाली गेले. मराठीच्या इतिहासातील त्याचे स्थान मात्र बुडालेले नाही.

५/ गावाचे दैवत पळसनाथ. त्याचे जुने मंदिर नदीकाठी आहे. दगडी बांधणीच्या भिंती आणि त्यांवर उंच शिखर अशी त्याची घडण. आवारात वीरगळही आहेत. गुरे राखताना, गाव वाचवताना किंवा रणात कामी आलेल्या माणसांच्या स्मृतीसाठी उभारलेले हे शिळाखंड. जलाशय भरलेला असतो तेव्हा हे सारे पाण्यात असते. पाणी उतरू लागले की प्रथम शिखर दिसते, मग मंडप, आणि अगदी अखेरीस वीरगळ. बांधताना जे सर्वांत शेवटी चढले, ते सर्वांत आधी वर येते.

६/ हा काठ कधीच आडबाजूचा नव्हता. इंदापूर परगणा भोसले घराण्याशी निगडित. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, अशी परंपरा आहे. पुढे इंग्रजी अमदानीत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५८ च्या अखेरीस पुण्याहून भीमेकाठच्या दिक्साळपर्यंत आणि १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला. दिक्साळजवळ भीमेवर रेल्वेचा दगडी पूल उभा राहिला. धरणामुळे लोहमार्ग हलवावा लागला, तेव्हा तोच जुना पूल रस्त्यासाठी वापरात आला. एका नदीवरच्या एका पुलाने आगगाडीही पाहिली आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टरही.

७/ उजनीचे काम १९६० च्या दशकात हाती घेण्यात आले आणि १९८० मध्ये धरण पूर्ण झाले. जलाशयाला ‘यशवंतसागर’ हे नाव मिळाले. पुणे, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर या तीन जिल्ह्यांतील पन्नासच्या आसपास गावे त्यात गेली. देव नव्या मंदिरांत नेले गेले, घरांच्या तुळया-कड्या उतरवून बैलगाड्यांतून हलवल्या गेल्या, आणि भिंती तेवढ्या मागे राहिल्या. पळसदेव पुणे-सोलापूर महामार्गालगत नव्याने वसले. सोलापूर जिल्ह्याची शेती या धरणाने पालटली हे खरे. ती पालटावी म्हणून ज्यांनी घरे सोडली, त्यांच्या वाट्याला काय आले, हा हिशेब मात्र टीएमसीत मांडता येत नाही.

८/ धरणाने आणखी एक गोष्ट बदलली. पूर्वीची भीमा पावसाळ्याचे महिने वगळता उतारावरून ओलांडता येण्याजोगी होती. या तीराच्या लेकी त्या तीराला दिलेल्या, बाजार एकीकडे, जमिनी दुसरीकडे. तेथे मैलोन्‌मैल रुंदीचे पाणी पसरले आणि समोर दिसणारे गाव रस्त्याने साठ-सत्तर किलोमीटरचा वळसा होऊन बसले. तेव्हा इंदापूर आणि करमाळा या तालुक्यांना जोडणारा जवळचा मार्ग उरला तो पाण्यावरचा. लाँच आणि होडी ही तिथली एसटी झाली. दुचाकीही होडीत चढवायची आणि पलीकडे उतरवून पुढे जायचे, ही त्या काठाची रोजची रीत.

९/ पाणी उतरले की ही वाहतूक सोपी होईल, असे दुरून वाटते. घडते उलट. काठ मागे सरकतो आणि धक्क्याची जागा चिखल घेतो. होडीपर्यंत पोहोचायला गाळ तुडवावा लागतो. वर्षभर खोल पाण्याखाली असलेले विहिरींचे कठडे, घरांची जोती, झाडांचे बुंधे आता होडीच्या तळाला लागतील इतके वर येतात. नावाड्याला तोंडपाठ झालेला मार्ग दर आठवड्याला बदलतो. अखेर होड्या वळतात त्या भीमेच्या मूळ पात्राकडे, कारण खोली तिथेच शिल्लक असते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पुसला गेलेला नदीचा नकाशा नावाड्यांना पुन्हा वाचावा लागतो.

१०/ याच दिवसांत पाहुणेही येतात. उथळ पाणी आणि उघडा गाळ हे रोहित पक्ष्यांचे, अर्थात फ्लेमिंगोंचे आवडते ठिकाण, म्हणून भिगवण, कुंभारगाव, दिक्साळ येथे मच्छिमारांच्या होड्या पक्षी दाखवण्यासाठी निघतात. पळसनाथाचे मंदिर उघडे पडल्याची छायाचित्रे पसरली की इतिहासप्रेमी येतात. आधी होडीने शिखराला वळसा, आणि पाणी आणखी उतरले की थेट पायी गाभाऱ्यापर्यंत. दुष्काळ हा काठावरच्या शेतकऱ्याचा शत्रू. पाहुण्याला मात्र तो दुर्मीळ दृश्य दाखवतो. हा विसंगत योग विसरून त्या मंदिराकडे पाहता येणार नाही.

११/ २०२३ च्या अपुऱ्या पावसाने उजनी भरलीच नाही. २०२४ च्या मे महिन्यात पातळी उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेली होती. त्याच महिन्यात, २१ मे रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला शोध घ्यावा लागला. ‘मृत साठा’ या कोरड्या संज्ञेत माणूस बुडवण्याइतके पाणी असते, हे त्या संध्याकाळी सगळ्यांना कळले.

१२/ ही घटना केवळ वाऱ्याची नव्हे. मे महिन्यातील वळिवाचे वारे या भागाला नवे नाहीत. नवा आहे तो धरणानंतरचा भूगोल. ज्या दोन गावांत नदी होती, त्यांत सरोवर आले. सरोवर आले पण पूल आला नाही. म्हणून रोजच्या व्यवहारासाठी उघड्या होडीत बसणे भाग पडले. प्रकल्पाच्या इतिहासात भिंतीची लांबी, दरवाजांची संख्या, सिंचनाचे क्षेत्र यांची नोंद असते. तुटलेल्या वाटांची नोंद क्वचितच असते. त्या वाटांची किंमत पुढची पिढी चुकवत राहते.

१३/ पाणी उतरल्यावर भूतकाळ वर येतो, हे जगभर घडते. मध्य युरोपातील एल्ब नदीत ‘भुकेचे दगड’ आहेत. नदी आटली की ते दिसतात आणि त्यांवर जुन्या दुष्काळांची वर्षे कोरलेली आढळतात. चेक प्रजासत्ताकातील डेचिन येथील दगडावर १६१६ हे वर्ष आहे. इराकमध्ये २०२२ च्या आरंभी मोसुल धरणाचे पाणी ओसरले, तेव्हा मितानी काळातील नगराचे अवशेष उघडे पडले. पुरातत्त्वज्ञांनी काही आठवड्यांत घाईने उत्खनन केले आणि पाणी परतण्यापूर्वी भिंती प्लास्टिकच्या आवरणाने व खडीने झाकून ठेवल्या. उघडे पडलेले अवशेष ही पाहण्याइतकीच जपण्याचीही वेळ असते, हा त्यातील धडा. भिजणे आणि सुकणे यांच्या फेऱ्यात दगडाचे सांधे सैल होतात, आणि मंदिरावर चढून छायाचित्रे काढणारे त्यात भर घालतात.

१४/ या प्रश्नाची दुसरी बाजू पाहायची तर भीमा सोडून विदर्भात यावे लागते. बुलढाणा जिल्ह्यातील वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातील गाव पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात मोडते. येथे विहिरीला पाणी लागते, पण ते खारे. पिण्यासाठी भरवसा सातपुड्याच्या पायथ्याशी वान नदीवर बांधलेल्या ‘हनुमान सागर’ या धरणाचा. अशा मुलखात धरणाच्या तळाशी राहिलेले पाणी म्हणजे उन्हाळ्याचा आधार. तेथे पातळी उतरली तर कोणी मंदिर पाहायला होडीतून निघत नाही; रिकाम्या हंड्यांची रांग लागते. एकाच राज्यात, एकाच ऋतूत, ‘उतरलेले पाणी’ या दोन शब्दांचे असे दोन अर्थ होतात.

१५/ म्हणून धरणाचा इतिहास एकेरी लिहिता येत नाही. पाण्याखाली गेलेल्या गावाचे दुःख खरे, आणि नळाला आलेल्या गोड्या पाण्याचा दिलासाही खरा. ज्या गावाने घर दिले आणि ज्या गावाला पाणी मिळाले, ती दोन गावे बहुधा एकमेकांना ओळखतही नाहीत. ही ओळख करून देणे हे इतिहासाचे काम.

१६/ ते काम करायला फार वेळ उरलेला नाही. उजनीत गाव गेले तेव्हा विशीत असलेली माणसे आज सत्तरीत आहेत. जुन्या पळसदेवात कोणाचे घर कोठे होते, कोणत्या घाटावर गौरी विसर्जित होत, भीमेचा उतार नेमका कोठून होता, हे त्यांना ठाऊक आहे. दगडाची मंदिरे पुढच्या दुष्काळात पुन्हा वर येतील. माणसांच्या आठवणी एकदा गेल्या की कोणत्याही उणे टक्केवारीला त्या परत दिसणार नाहीत. तरुण अभ्यासकांनी उजनीच्या काठी जाताना कॅमेऱ्यासोबत एक वही न्यावी, आणि मंदिर पाहून झाल्यावर नव्या गावठाणातील एखाद्या ओसरीवर तासभर बसावे. शके १०७९ चा लेख कोणीतरी वेळेवर कोरला, म्हणूनच आज तो वाचता येतो.