गर्भपातविषयक कायदा, भारतातील

गर्भ स्वतंत्रपणे जगण्यास समर्थ होण्यापूर्वी गर्भारपण संपुष्टात येणे, यास गर्भपात म्हणतात. तो आपोआप घडल्यास कायद्याचा प्रश्न उद्‌भवत नाही. हेतुपुरस्सर घडवून आणल्यास मात्र उद्‌भवतो. भारतात असा गर्भपात मूलतः दंडनीय अपराध असून १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात अधिनियमाने त्यास काही विशिष्ट परिस्थितींत अपवाद केला आहे. अपराध कायम ठेवून अपवाद करण्याची ही रचना ध्यानात घेतल्याशिवाय या कायद्याची वाटचाल व त्याचा लाभ स्त्रियांपर्यंत पोहोचण्यातील अडचणी यांचा नीट उलगडा होत नाही.

एकोणिसाव्या शतकातील स्थिती : धर्मशास्त्रग्रंथांनी भ्रूणहत्या हे घोर पातक मानले होते. इंग्रजी अमलात १८६० च्या भारतीय दंड संहितेने (कलमे ३१२ ते ३१६) गर्भपात घडवून आणणे हा अपराध ठरविला. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्‌भावनेने केलेला गर्भपात तेवढा त्यातून वगळला. एरवी तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झाली असल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. स्वतःचा गर्भपात करून घेणारी स्त्रीही या शिक्षेस पात्र होती.

या तरतुदींची झळ बालवयात वैधव्य आलेल्या स्त्रियांना विशेषत्वाने लागली. १८५६ च्या अधिनियमाने विधवाविवाह वैध ठरला, तरी रूढीपुढे तो बव्हंशी निष्प्रभ राहिला. विधवेस दिवस गेल्यास चोरून गर्भपात, अर्भकाचा त्याग वा हत्या, अथवा आत्महत्या यांखेरीज मार्ग क्वचितच उरे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून अशा स्त्रियांच्या गुप्त व सुरक्षित बाळंतपणाची सोय केली. सुरत जिल्ह्यात १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नामक ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने स्त्रियांच्या नीतिमत्तेवर जी टीका झाली, तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुष तुलना (१८८२) हा निबंध लिहिला आणि अशा प्रकरणांतील पुरुषांच्या जबाबदारीकडे लक्ष वेधले. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. तथापि गर्भधारणा झाल्यानंतरचा प्रश्न अनुत्तरितच राहिला [⟶ कुटुंबनियोजन].

शाह समिती व १९७१ चा अधिनियम : भारत सरकारने १९६४ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९६६ अखेर अहवाल सादर केला. पन्नास कोटी लोकसंख्या गृहीत धरून तिने देशात दरवर्षी होणाऱ्या हेतुपुरस्सर गर्भपातांची संख्या सु. ३९ लाख असावी, असा अंदाज वर्तविला. यांतील बहुसंख्य गर्भपात चोरून व अप्रशिक्षित व्यक्तींच्या हातून होत. कायदा कडक असूनही गर्भपात थांबत नाहीत, स्त्रियांचे जीव मात्र जातात, हे उघड झाल्यावर समितीने कायदा शिथिल करण्याची शिफारस केली. ग्रेट ब्रिटनमधील १९६७ च्या अधिनियमाचाही आदर्श समोर होता.

ऑगस्ट १९७१ मध्ये संमत झालेला अधिनियम १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. स्त्रीच्या जीवितास धोका, तिच्या शारीरिक वा मानसिक स्वास्थ्यास गंभीर इजा, अपत्यात गंभीर व्यंग संभवणे, बलात्कारातून झालेली गर्भधारणा व विवाहित स्त्रीच्या बाबतीत गर्भनिरोधक साधनाचे अपयश या कारणांसाठी गर्भपातास मुभा मिळाली. बारा आठवड्यांपर्यंत एका, तर वीस आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकांचे मत आवश्यक होते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असून पतीच्या संमतीची अट कायद्यात नाही.

मात्र अधिनियमाने स्त्रीस हक्क दिला नाही. विहित अटी पाळणाऱ्या डॉक्टरास दंड संहितेपासून संरक्षण दिले. निर्णय डॉक्टराच्या मतावर, आणि सेवा मान्यताप्राप्त केंद्रावर अवलंबून राहिली. शस्त्रक्रियागृहादी सोयी व प्रशिक्षित डॉक्टर शहरांत एकवटलेले असल्याने ग्रामीण स्त्रीच्या स्थितीत फारसा पालट झाला नाही. २००२ च्या दुरुस्तीने केंद्रांना मान्यता देण्याचे काम जिल्हा समित्यांकडे सोपविले. त्याचबरोबर अनधिकृत गर्भपातासाठी दोन ते सात वर्षे सक्तमजुरीची तरतूद केली.

लिंगनिदानाचा प्रश्न : गर्भजल परीक्षा व पुढे श्राव्यातीत ध्वनिचित्रण यांचा उपयोग मुलीचा गर्भ ओळखून तो पाडण्यासाठी होऊ लागला. मुंबईतील स्त्रीसंघटनांच्या चळवळीनंतर महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम याविरुद्ध कायदा केला. केंद्रीय अधिनियम १९९४ मध्ये झाला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ मधील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ इतकी घटली. लिंगनिदान बेकायदेशीर आहे, गर्भपात नव्हे. परंतु हा भेद लोकांच्या मनात पुसट झाल्याने व तपासणीच्या धास्तीने वैध गर्भपात करण्यासही काही डॉक्टर कचरू लागले.

अलीकडील निवाडे व दुरुस्ती : अपत्याविषयीचा निर्णय हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात म्हटले. २०२१ च्या दुरुस्तीने एका डॉक्टराच्या मतावर वीस आठवड्यांपर्यंत, तर ठराविक वर्गांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा दिली. गर्भात गंभीर विकृती असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यानंतरही गर्भपात करता येतो. ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ यांच्या जागी ‘स्त्री व तिचा जोडीदार’ असे शब्द आले. २०२२ मध्ये न्यायालयाने चोवीस आठवड्यांची सवलत अविवाहित स्त्रियांनाही लागू केली आणि डॉक्टर कायद्याबाहेरच्या संमतीची मागणी करतात, याबद्दल नापसंती दर्शविली. तथापि २०२३ मध्ये सव्वीस आठवड्यांच्या गर्भवतीची विनंती, गर्भात विकृती वा तिच्या जीवितास तात्काळ धोका नसल्याने, त्याच न्यायालयाने फेटाळली.

सेवेची उपलब्धता : २०१५ या वर्षासाठी केलेल्या एका पाहणीनुसार भारतात सु. १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यांपैकी सु. तीन चतुर्थांश रुग्णालयांबाहेर, औषधी गोळ्यांच्या साहाय्याने झाले. गोळ्यांमुळे जुन्या अघोरी उपायांचा धोका घटला. पण डॉक्टराचा सल्ला व नंतरची तपासणी यांना अनेक स्त्रिया मुकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही (कलमे ८८ ते ९२) जुनी दंडनीय तरतूद कायम ठेवली आहे. ठरलेली मर्यादा ओलांडली गेल्यास स्त्रीस न्यायालयात जावे लागते आणि तेथे जाणारा प्रत्येक आठवडा गर्भाच्या वयात भर घालतो. उशीर बहुधा अज्ञान, दारिद्र्य, भीती वा जवळ केंद्र नसणे यांमुळे होतो. त्यामुळे कायद्याने दिलेली मुभा प्रत्यक्षात किती उपयोगी पडेल, हे त्याच्या कलमांइतकेच गावापासून प्रशिक्षित डॉक्टरापर्यंतच्या अंतरावर अवलंबून आहे.