पत्र्याखालच्या तीन चौकटी

मध्ये बरेच दिवस काही लिहिलं नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग माळा आवरायला काढला. माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लाकडी चौकट सापडली. आमच्या सौ. म्हणाल्या, "हे आता तरी टाका." टाकली नाही. त्या चौकटीवरून हा लेख.

नात्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, १९८२ ते ८५ मी आणि माझे मेहुणे जळगावला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्क्रीन प्रिंटिंग करत होतो. मास्तरकीच्या पगारात भागत नव्हतं, आणि लग्नपत्रिकांचा हंगाम नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचा. हाताखाली माझाच एक जुना विद्यार्थी होता, दहावीला गणितात अडकलेला. १९८४ च्या मे महिन्यात एकाच आठवड्यात आमच्या तीन चौकटी बिघडल्या. एकीचं कापड सैल पडलं. दुसरीने पीळ घेतला, टेबलावर ठेवली की एक कोपरा वर. तिसरीवरची अक्षरं पाण्याखाली कितीही धरली तरी उघडेनात. ऑर्डर अडली, आणि आम्ही दोघांनी ठरवून टाकलं की पोराने हलगर्जीपणा केला. त्याचे तीस रुपये कापले. तो म्हणाला, "सर, मी नीटच ताणलं होतं." आम्ही ऐकलं नाही. आठ दिवसांनी तो यायचाच बंद झाला.

निवृत्तीनंतर हाती वेळ आला तेव्हा या छपाईचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता त्या तीन चौकटींचं उत्तर सापडलं. ते हवं होतं म्हणून शोधलं असं मात्र नाही.

मूळ अडचण तशी साधी. रांगोळीच्या पत्र्याच्या साच्यात 'ठ' कापून बघा, मधला गोल गळून पडतो. जपानी कारागीर कागदी साच्यातले असे सुटे तुकडे केसांनी किंवा रेशमी धाग्यांनी अडकवून ठेवत. पुढे १९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी ताणलेल्या रेशमावर साचा धरून ठेवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. रेशीम नवं विणावं लागलं नाही. युरोपातल्या पिठाच्या गिरण्या मैदा चाळायला बारीक, एकसारख्या विणीचं रेशमी कापड वापरत, स्वित्झर्लंडचं त्यासाठी प्रसिद्ध. त्याचं नाव बोल्टिंग क्लॉथ. आम्ही जळगावच्या दुकानात 'बोल्टिंग द्या' असंच मागायचो. नटबोल्टाशी काहीतरी संबंध असावा अशी माझी इतकी वर्षं समजूत! बोल्टिंग म्हणजे चाळणं, हे साठी उलटल्यावर कळलं.

रेशीम उष्णतेला तसं दाद देत नाही. ते वितळत नाही, केसासारखं जळतं आणि वासही जळक्या केसाचाच येतो. त्याचे शत्रू वेगळे, कडक क्षार आणि ब्लीच. त्यामुळे रेशमाच्या काळातल्या कारागिरांची काळजी उष्णतेपेक्षा ओलीची. मँचेस्टर म्हणजे बाराही महिने दमट आणि ढगाळ. तिथे ओली चौकट वाळवायची म्हणजे शेगडीजवळच्या उबेला न्यायची.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४१ च्या जुलैत अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि जपानी रेशीम येणं थांबलं. उरलेलं पॅराशूटला गेलं. तोवर नायलॉन आलेलं होतं. ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी ते १९३५ मध्ये तयार केलं आणि १९४० मध्ये त्याचे स्त्रियांचे मोजे बाजारात आले. युद्ध संपल्यावर छपाईच्या चौकटींवर रेशमाच्या जागी हळूहळू नायलॉन चढलं. नाव मात्र सिल्क स्क्रीनच राहिलं. आमच्याही पाटीवर मेहुण्यांनी ठसठशीत 'सिल्क स्क्रीन' रंगवून घेतलं होतं, आणि शेडमध्ये औषधालाही रेशीम नव्हतं.

नावासारखेच जुने सल्लेही टिकले. आमच्याकडे एक इंग्रजी माहितीपत्रक होतं. मी मराठी माध्यमातला बी. ए., त्यामुळे डिक्शनरी शेजारी ठेवून ते वाचायचो आणि पोराला समजावून सांगायचो. त्यात लिहिलं होतं की चौकट उबदार, कोरड्या जागी वाळवावी. मी शब्दाला शब्द लावून त्याला सांगितलं, "शेडमध्ये वर, पत्र्याजवळ ठेव." जळगावचा मे महिना! बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश आणि दुपारी त्या पत्र्याला बोट लावता येत नसे.

आता त्या तीन चौकटी. नायलॉन वितळायला दोनशे अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून आम्हाला कधी शंका आली नाही. पण वितळण्याच्या कितीतरी आधी, कोरडं नायलॉन साधारण पन्नास अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. ताणलेलं कापड तासन् तास तेवढं तापलं तर दोरे हळूहळू लांबतात आणि ताण सोडतात. गार झाल्यावर तो ताण परत येत नाही. त्यात नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की आणखी लांबतं. म्हणजे दुपारी पत्र्याखाली तापवलेली चौकट संध्याकाळी धुवायला घेतली की कापडाची झोळी होणारच. पहिलीचं कोडं सुटलं.

दुसरीचं तर आपल्या कुठल्याही सुताराने सांगितलं असतं. लाकूड सुकताना रुंदीत आटतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि एक बाजू जास्त तापली की पीळ घेतं. आम्ही पैसे वाचवायला अर्धवट ओलं लाकूड घेतलं होतं. ते मेहुण्यांनी आणलं होतं, पोराने नव्हे.

तिसरीने मला जास्त छळलं. अक्षरं उमटवण्यासाठी आम्ही कापडावर जिलेटिन आणि बायक्रोमेटचा थर द्यायचो. बायक्रोमेटवर उजेडाचा परिणाम होतो हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांनी १८३९ मध्येच दाखवलं होतं. उजेड लागतो तिथला थर घट्ट होतो आणि झाकलेला भाग पाण्याने निघून जातो, तिथूनच शाई उतरते. पण उष्णतेनेही तो थर घट्ट होतो, अगदी अंधारातही. पत्र्याखाली वाळत असतानाच आमची 'शुभविवाह'ची अक्षरं बंद झाली होती. पोराने ती दोन तास धुतली. मी शेजारी उभा राहून ओरडत होतो.

या सगळ्यावर तोड कधीच निघालेली होती, आमच्यापर्यंत पोहोचली नव्हती एवढंच. पॉलिएस्टर १९४१ मध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधलं. ते कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये, म्हणजे कापडछपाईच्याच कंपनीत नोकरीला होते, आणि कंपनी पुन्हा मँचेस्टरचीच! पॉलिएस्टर पाणी फारसं पीत नाही आणि मऊ पडायला त्याला सत्तर अंशांच्या वर उष्णता लागते. चौकटही ॲल्युमिनियमची झाली. मीटरभर ॲल्युमिनियम तीस अंशांनी तापलं तर सुमारे ०.७ मिलिमीटर वाढतं, पण गार झालं की जागेवर येतं. लाकूड येत नाही.

२०११ मध्ये तो विद्यार्थी एका लग्नात भेटला. स्वतःचा कारखाना आहे म्हणाला, गणपती मंडळांचे टी-शर्ट छापतो. आग्रहाने घेऊन गेला. सगळ्या चौकटी ॲल्युमिनियमच्या, कापड पॉलिएस्टरचं. उष्णतेची कटकट त्यालाही होती, पण वेगळी. टी-शर्टची शाई पक्की व्हायला १६० अंशांच्या आसपास तापवावी लागते. दोन रंगांच्या मध्ये वरून हीटर फिरला की खालची फळी तापत जाते आणि शाई कापडाच्या भोकांतच घट्ट बसते. एक कामगार सारखा फळीवर हात ठेवून बघत होता. हाताला चटका बसला की काम थांबवायचं, असा नियमच त्याने केला होता.

मी नायलॉनचं आणि पत्र्याचं सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सर, मला हे दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. सुरतेला कामाला होतो तिथे." मी विचारलं, "मग येऊन सांगितलं का नाहीस?" तो हसला आणि चहा मागवला. तीस रुपयांचा विषय मी काढला, पैसे त्याने घेतले नाहीत.

माळ्यावरची चौकट ती दुसरी. परवा टेबलावर ठेवून बघितली, कोपरा अजून अर्धा इंच वर आहे. बाकी १९८४ च्या मे महिन्यात आपल्या घरातही एक लग्न झालं होतं आणि त्याची पत्रिका याच चौकटीवर छापली होती. त्यात गणपतीचा लाल रंग हिरव्या वेलीवर सरकला आहे. कोणाकडे जपून ठेवलेली असेल तर फोटो काढून पाठवा. माझ्याकडची वाळवीने खाल्ली.