धागा : विजेचा फूत्कार, वाळूचे राज्य आणि एका निनावी ड्रॅगनची नावे

१/
१९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून एका खोक्यात घातलेल्या तीन पुस्तिका विक्रीस निघाल्या. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन, पहिल्या मुद्रणाच्या प्रती १,०००. ज्या प्राण्याच्या जिवावर हा खेळ उभा होता त्याला त्या पुस्तिकांत स्वतःचे नाव नव्हते. होता तो फक्त रंग : पांढरा, काळा, हिरवा, निळा, तांबडा, सोनेरी.

२/
ही रंगांची वाटणी त्याहूनही थोडी जुनी. १९७१ साली गायगॅक्स आणि जेफ पेरन यांनी ‘चेनमेल’ नावाची नियमपुस्तिका काढली होती. टेबलावर छोटे पुतळे मांडून मध्ययुगीन लढाया खेळण्याचे ते नियम होते, आणि शेवटी काल्पनिक प्राण्यांसाठी एक पुरवणी जोडलेली होती. तेथे मुख्य मान अग्नी ओकणाऱ्या तांबड्या ड्रॅगनचा. इतरांची बोळवण मोजक्या शब्दांत झाली. निळ्याच्या वाट्याला वीज आली. सैन्यात गणवेश पाहून पलटण ओळखावी, तसा रंग पाहून शस्त्र ओळखायचे. लढाईच्या पटावर तेवढे पुरेसे असते, कारण तेथे शत्रूशी कोणी बोलत नाही.

३/
परंतु नव्या खेळात लोक बोलू लागले. फासे टाकणारा खेळाडू एका पात्राच्या तोंडून बोले आणि खेळ चालविणारा ड्रॅगनच्या तोंडून उत्तर देई. शेकडो वर्षे जगणारा, धूर्त, अहंकारी प्राणी समोर आला आणि त्याने स्वतःची ओळख ‘मी निळा’ अशी करून दिली, तर त्या भेटीचा रंगच उडेल. नावाची गरज प्रथम येथे उत्पन्न झाली.

४/
१९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये गायगॅक्स यांनी एक मिश्किल तोडगा काढला. प्रत्येक ड्रॅगनला त्यांनी खोटे लॅटिन शास्त्रीय नाव दिले. निळा झाला ‘ड्रॅको इलेक्ट्रिकस’. वाळवंट आणि रुक्ष प्रदेश हे त्याचे आवडते ठिकाण, अशी नोंदही त्याच ग्रंथात आहे. ही नावे व्याकरणाच्या परीक्षेत सपशेल नापास होतील. पण जातीचे नाव आणि व्यक्तीचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांमुळे उघड झाले. वाघाचे शास्त्रीय नाव ठाऊक असले म्हणून गावावर आलेल्या वाघाला कोणी त्या नावाने हाक मारीत नाही.

५/
येथे एक आडवळण. ‘ड्रॅको’ ही प्रजाती खरोखरच आहे. लिनियसने १७५८ साली आग्नेय आशियातील उडत्या सरड्याला ‘ड्रॅको व्होलान्स’ म्हटले. त्याचाच एक भाऊबंद, ‘ड्रॅको डुसुमिएरी’, दक्षिणेपासून गोव्यापर्यंतच्या पश्चिम घाटात झाडाझाडांवरून तरंगत असतो. तो मुंग्या खातो. वीज सोडत नाही.

६/
त्याच १९७७ च्या ग्रंथात दुसरा, अधिक गंभीर मार्गही दिसतो : उसनवारी. दुष्ट ड्रॅगनांची पंचमुखी राणी आणि सज्जन ड्रॅगनांचा राजा ही दोन पात्रे १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आली होती, पण निनावी. आता राणीला ‘टियामाट’ आणि राजाला ‘बहामुत’ ही नावे मिळाली. तिच्या पाच मस्तकांपैकी एक निळे आहे, म्हणजे विजेच्या ड्रॅगनची वंशमाता तीच.

७/
ही नावे कोणाची होती? बहामुत हा अरबी सृष्टिवर्णनांतील महामत्स्य. त्याच्यावर वृषभ, वृषभाच्या आधारे पृथ्वी, अशी ती उतरंड. आपल्या शेषाचे काम तेथे माशाकडे आहे. खेळात त्या माशाचा प्लॅटिनम ड्रॅगन झाला. टियामाट ही बॅबिलोनच्या ‘एनूमा एलिश’ या सृष्टिकाव्यातील आदिमाता. तिच्या नावाचा अर्थच समुद्र : खारे पाणी. गोड्या पाण्याच्या अप्सूशी तिचा संगम झाला आणि देव जन्मले. पाच रंगीत मस्तकांचा उल्लेख त्या काव्यात कोठेही नाही.

८/
निनेव्हेच्या मातीतून निघालेल्या त्या मृत्तिकापट्ट्यांचे भाषांतर जॉर्ज स्मिथ यांनी १८७६ साली प्रसिद्ध केले. पुढे शंभरेक वर्षांतच समुद्रमातेचे नाव एका खेळातील राक्षसिणीला चिकटले, आणि आज जगातील असंख्य तरुणांना टियामाट ठाऊक आहे ती फक्त तशीच. उसन्या नावाची खरी किंमत ही. ज्याने ते उसने घेतले त्याला ती मोजावी लागत नाही. नावाच्या मूळ धन्याला मोजावी लागते.

९/
गंमत अशी की विजेच्या ड्रॅगनसाठी योग्य नावे त्याच काव्यात होती. मार्दुकाशी लढण्यासाठी टियामाट अकरा प्रकारचे भयंकर जीव उत्पन्न करते. त्यांत एक ‘उमू दब्रूतू’, म्हणजे उग्र वादळे. दुसरा सिंहमुखी ‘उगल्लू’, म्हणजे महावादळ. अक्कादी भाषेत ‘उमू’चा अर्थ दिवस आणि वादळही. त्या कवीला चमत्कारिक अक्षरे जुळवावी लागली नाहीत. आकाशात जे दिसले त्याचेच नाव त्याने राक्षसाला दिले.

१०/
कादंबऱ्यांनी पुढे हाच रस्ता धरला. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत (पहिली कादंबरी १९८४) सेनानायिका किटिआरा निळ्या ड्रॅगनवर स्वार होते. त्याचे नाव ‘स्काय’. उच्चार आकाशाचा, वर्तनी किंचित वाकडी. दोन अक्षरांतील ही हाक रणांगणाच्या कोलाहलातही ऐकू जाते. १९९६ च्या सुमारास तोच ड्रॅगन मोठ्या सत्तेचा धनी झाला, तेव्हा त्याचे भारदस्त नाव पुढे आले : ‘खेलेन्ड्रोस’. त्यामागे ‘क्रिनवरील वादळ’ ही पदवी. क्रिन हे त्या कथांतील जगाचे नाव. जवळच्यांसाठी एक नाव, प्रजेसाठी दुसरे, भयासाठी बिरुद. आपल्याकडच्या कोणत्याही राजघराण्याला ही पद्धत ओळखीची वाटेल.

११/
एड ग्रीनवूड यांच्या ‘फरगॉटन रेल्म्स’ या काल्पनिक जगात अनाउरोक नावाचे महावाळवंट आहे. तेथील ‘इम्रिथ’ ही निळी ड्रॅगनी १९९० च्या दशकात ‘ड्रॅगन’ मासिकातील लेखमालेत अवतरली, तेव्हा तिचे बिरुद ‘पुतळ्यांची ड्रॅगन’ होते. २०१६ च्या ‘स्टॉर्म किंग्ज थंडर’मध्ये ते ‘वाळवंटाचा काळ’ असे झाले. पहिले बिरुद अधिक चांगले. वाळवंटाचा काळ कोणीही म्हणवून घेईल. पुतळ्यांमुळे मात्र ऐकणारा थांबतो आणि विचारतो : कसले पुतळे?

१२/
पण वीज आणि वाळवंट यांची जोडीच मुळी कशी जमली? वीज म्हणजे पाऊस, असे कोणालाही वाटेल. निसर्गाला मात्र ही जोडी परकी नाही. वाळूच्या वादळात कण एकमेकांवर घासून विद्युत्भारित होतात. १८५९ साली वेर्नर फॉन सीमेन्स हे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या माथ्यावर असताना असे वादळ उठले. त्यांनी दारूच्या बाटलीला ओला कागद गुंडाळला, तिच्यात ती वीज साठविली आणि जवळच्या माणसाला झटकाही दिला. रखरखीत प्रदेशांत पावसाच्या सरी कित्येकदा जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच विरतात. वीज तेवढी खाली येते.

१३/
ती वाळूत शिरते तेव्हा कण वितळून काचेच्या पोकळ नळ्या बनतात. त्यांना फुलगुराइट म्हणतात. ‘फुलगुर’ म्हणजे लॅटिनमध्ये वीज. चार्ल्स डार्विन यांनी बीगल जहाजाच्या प्रवासात उरुग्वेतील माल्डोनाडोजवळच्या वाळूच्या टेकड्यांत अशा नळ्या पाहून त्यांचे बारकाईने वर्णन केले. खेळाच्या अलीकडील ग्रंथांत निळा ड्रॅगन विजेच्या फूत्काराने वाळूखाली स्फटिकी भुयारे कोरतो, ती याच नळ्यांची राक्षसी आवृत्ती वाटते.

१४/
पाऊस अडविणारा आणि तरीही वीज बाळगणारा महासर्प मराठी वाचकाला नवा नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील ३२ वे सूक्त इंद्र आणि वृत्र यांच्या युद्धाचे आहे. वृत्र हा ‘अहि’, पाणी कोंडून पर्वतावर पसरलेला. त्या युद्धात वज्र इंद्राकडे आहे, हे सर्वांना ठाऊक असते. वृत्राच्या बाजूनेही वीज, मेघगर्जना, धुके आणि गारा वापरल्या जातात आणि त्या निष्फळ ठरतात, हे सहसा कोणी सांगत नाही.

१५/
त्याचे नाव ‘वृ’ या धातूपासून आले : वेढणारा, अडविणारा. युरोपच्या उत्तरेस, सुवर्णनिधीला विळखा घालणाऱ्या फाफ्निरच्या नावाचा अर्थही कवेत घेणारा असाच लावतात. टोल्कीन यांचा स्मॉग हाही ‘बिळातून सरपटत घुसणे’ या अर्थाच्या प्राचीन जर्मानिक क्रियापदावरून आलेला, असे त्यांनी स्वतः सांगितले. टिकलेली ड्रॅगननामे पाहिली तर प्राणी काय करतो याचे उत्तर त्यांत बहुधा दडलेले असते. रंग क्वचितच सापडतो.

१६/
मराठीत असे नाव घडवायचे तर अमरकोश हाताशी आहे. विजेसाठी तेथे दहा शब्द आहेत. त्यांतील चपला, चंचला, क्षणप्रभा हे सुंदर असले तरी येथे निरुपयोगी, कारण ते विजेचे क्षणिकत्व सांगतात आणि निळा ड्रॅगन शतकानुशतके दबा धरून बसणारा आहे. ‘ह्रादिनी’ मात्र वेगळा शब्द आहे. तो गर्जनेचा आहे, आणि अमरसिंहाने तो विजेच्या यादीत घातला तसाच वज्राच्याही. वज्राच्याच यादीत ‘अशनि’ आणि ‘दंभोलि’ आहेत. वाळवंटासाठी ‘मरु’ आणि ‘धन्वन्’. मर्वशनि हा संधी व्याकरणशुद्ध आहे, पण टेबलापलीकडे ओरडून सांगताना जीभ अडखळेल. दंभोलि एकटाच पुरेसा आहे.

१७/
उच्चाराची ही चिंता क्षुल्लक नव्हे. वैदिक परंपरेत वृत्राच्या जन्माची एक कथा आहे. इंद्राने त्वष्ट्याच्या पुत्राला, विश्वरूपाला, मारले. संतापलेल्या त्वष्ट्याने यज्ञाग्नीत सोम ओतून ‘इंद्रशत्रू’ला वाढण्याची आज्ञा केली. येथे शत्रू म्हणजे मारणारा. शेवटच्या अक्षरावर आघात दिला असता तर तो तत्पुरुष समास झाला असता : इंद्राला मारणारा. त्वष्ट्याने आघात पहिल्या अक्षरावर दिला आणि तो बहुव्रीही झाला : इंद्र ज्याचा मारणारा आहे असा. व्याकरण का शिकावे हे सांगताना पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच या प्रसंगाची आठवण दिली आहे. अग्नीतून वृत्र उठला, वाढत गेला, त्याने नद्या कोंडल्या. त्याचा मृत्यू मात्र त्याच्या नावात आधीच उच्चारला गेला होता.